तेरा व्होल्ट कुठे गेले?

पुनावळे,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. शालनवहिनींनाही सांग, आणि त्यांच्या चकल्या इथे पोचेपर्यंत अर्ध्या मोडल्या होत्या तरी एका संध्याकाळीत फस्त झाल्या हेही सांग.

फोन सोडून पत्रं कसली लिहितेस म्हणून घरात सगळे मला हसतात. त्यांना काय ठाऊक! फोनवर तुला ऐकू येत नाही. वहिनी मध्ये उभ्या राहून तुझ्या कानाशी ओरडतात आणि माझ्या दहा वाक्यांचं त्यांच्याकडून एकच होतं, "ती बरी आहे म्हणते." शिवाय आजचा विषय तुझ्याच खात्यातला आहे. आयुष्यभर आयटीआयमध्ये पोरांना वीज शिकवलीस, आता बहिणीला शिकव.

आमच्या वस्तीवरच्या दत्तमंदिराला वीज आमच्या घरातून जाते हे तू पाहिलेलं आहेस. वस्तीवरचं पहिलं मीटर मामंजींनी घेतलं आणि स्वतःच्या हाताने तार ओढून आधी देवळात दिवा लावला, मग घरात. तेव्हापासून कार्तिकातल्या काकड आरतीचे आणि दत्तजयंतीच्या सप्ताहाचे दिवे कोंडाजींच्या म्हणजे मामंजींच्या घरून, हा रिवाजच पडला. पालखीचा मान असतो, नारळाचा असतो, तसा आमचा उजेडाचा मान. मामंजींना जाऊन नऊ वर्षं झाली, शेतं जाऊन त्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, पण हा मान काही कुणी काढला नव्हता.

परवा काकड्याला देवळातली ट्यूब लागेना. फडफडायची आणि विझायची. स्पीकर घसा बसल्यासारखा. तेव्हा उत्सव कमिटीचे सोनबाभाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरची वीज म्हातारी झाली. दत्तजयंती झाली की देवळाचं सोताचं मीटर घिऊ आता." लोक हसले, मीही हसले. पण सासूबाई पुढेच बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून धड जेवतही नाहीत. तो मान गेला तर मामंजींचं वस्तीवरचं शेवटचं काहीतरी गेलं, असं त्यांना वाटतं. मला ते होऊ द्यायचं नाही, दादा.

आता तुझ्या कामाचं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर दिपाली भाड्याने राहते. परभणीकडची आहे, महाळुंग्याला गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर काम करते. तिच्याकडे वीज मोजायचं चिमट्याचं मीटर आहे. ते घेऊन मी काकड्याच्या वेळी घरी मोजलं, पळत जाऊन देवळात मोजलं आणि खात्री करायला परत घरी मोजलं. बायका म्हणाल्या, जयमालाला सकाळी सकाळी वारं लागलं. घरी दोनशे एकोणतीस व्होल्ट, देवळात दोनशे सोळा.

मधल्या मध्ये तेरा व्होल्ट गेले कुठे? गळतात का? तारेखाली बादली लावू का?

तुझी,
जयमाला


कराड,
१ नोव्हेंबर २०२५

चि. जयमाला,

आशीर्वाद. बादली लावू नकोस, लोक आधीच बोलताहेत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पळत जाऊन मोजलंस आणि परत येऊन खात्री केलीस हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या वर्गात निम्मी पोरं एकदा मोजायचाही कंटाळा करायची. तुला दहावीनंतर पुढे शिकवलं असतं तर, असं माझ्या मनात पुन्हा आलं. असो.

वीज गळत नाही. तुमच्या शेतात पूर्वी पाइप टाकलेला होता. मोटारीपाशी पाण्याला जोर, शेवटच्या वाफ्यात कमी. पाणी तेवढंच वाहतं, पण पाइप त्याला अडवतो आणि जोर वाटेत खर्च होतो. तारेचंही तेच. व्होल्ट म्हणजे जोर, अँपिअर म्हणजे वाहती वीज, आणि तार जी अडवणूक करते तिला आम्ही रोध म्हणतो, तो ओहममध्ये मोजतात. वाटेत गेलेल्या व्होल्टला अँपिअरने भाग, रोध मिळेल. त्याच व्होल्टला अँपिअरने गुण, तर वाटेत दर क्षणाला किती शक्ती खर्ची पडते ते वॅटमध्ये मिळेल. आणि ती खर्ची पडते म्हणजे नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. तुझे तेरा व्होल्ट कुठेतरी काहीतरी तापवताहेत, एवढं मी इथून सांगतो.

पण नुसत्या व्होल्टवर मी निदान करणार नाही. देवळाकडे जाणाऱ्या तारेतून किती अँपिअर जातात ते त्याच चिमट्याने मोज. तार किती जाड आहे ते दिपालीला विचार. आणि घरापासून देवळापर्यंत तार किती लांब आहे तेही कळव, अंदाजपंचे नको. माझा तर्क असा की तार बारीक आहे आणि देवळाची हौस वाढली आहे. जाड तार टाका, मान वाचेल, सासूबाई जेवतील.

वहिनी म्हणते, चकल्या पुढच्या वेळी डब्यात कापूस घालून पाठवीन.

उद्धव


पुनावळे,
६ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

काल कार्तिकी पौर्णिमेला काकडा संपला. त्याच्या आत सगळं मोजून घेतलं, नाहीतर दत्तजयंतीपर्यंत थांबावं लागलं असतं.

आधी माझी फजिती ऐक. देवळाकडे जाणाऱ्या दोन तारा आहेत, दोन्ही एकदम चिमट्यात धरल्या तर मीटरवर शून्य! दिवे तर लखलख नसले तरी जळताहेत, आणि वीज शून्य. मला वाटलं, देवाच्या घरी फुकट उजेड सुरू झाला. दिपाली जिन्यावरून बघत होती, ती म्हणाली, "अवं ताई, दोन्ही कामून धरल्या? एकीतून जाती, दुसरीतून येती, मीटरला काय कळंल?" मग एकच तार धरली. सहा अँपिअर. हे जाणं-येणं एकमेकांना कसं काय पुसतं यावर मी दिवसभर विचार करत होते आणि भाजी करपली.

मग बसले भागाकाराला. तेरा भागिले सहा, म्हणजे दोन पूर्णांक सतरा ओहम. तेरा गुणिले सहा, अठ्ठ्याहत्तर वॅट. बरोबर ना? मार्क दे.

लांबी मोजायला टेप सापडेना. सासूबाईंचं नऊवारी घेतलं आणि तार जाते त्या वाटेने खालून मोजत गेले. मीटरच्या फळीपासून देवळातल्या बोर्डापर्यंत साडेपाच लुगडी. तुला मीटरमध्ये हवं असेल तर तूच कर. तार दीड एमएमची, तांब्याची, असं दिपालीने फळीपाशी उघडं टोक बघून सांगितलं.

सासूबाई कालपासून जरा बऱ्या आहेत. आता एक गोष्ट सांगते, पण हसू नकोस. मामंजींची जुनी दगडमातीची खोली आम्ही पाडली नाही, सासूबाई पाडू देत नाहीत, भोवतीने तीन मजले चढले तरी ती तशीच आहे. मामंजी गेल्यावर त्यांनी आपली खाट मामंजींच्या जागी, भिंतीला लावून घेतली. त्याच वर्षी काकड्याला त्यांना भिंत कोमट लागली. हाताला जाणवेल अशी, तळहाताएवढ्या जागी. पौर्णिमेला काकडा संपला की गार. पुन्हा दत्तजयंतीच्या सप्ताहात कोमट. दरवर्षी तसंच. त्या म्हणतात, "देवाच्या दिवसांत ह्ये येत्यात. हात ठिवत्यात." मी स्वतः हात लावून पाहिला आहे. खरंच कोमट असते, दादा. त्या तिथे रोज हळदीकुंकू लावतात, आणि शेजारच्या दोघी-तिघी दर्शनालाही येतात.

मला त्याचा अर्थ लागत नाही आणि खरं सांगायचं तर लावायला गेलेही नाही. थंडीत त्यांच्या पाठीला ऊब मिळते, ते काय वाईट आहे?

तर आता सांग, जाड तार किती जाड घेऊ?

तुझी,
जयमाला


कराड,
११ नोव्हेंबर २०२५

चि. जयमाला,

आशीर्वाद. दहापैकी दहा. पण हे पत्र बसून वाच.

साडेपाच लुगडी म्हणजे पंचेचाळीस मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून दोन तारा मिळून नव्वद. दीड एमएमची तांब्याची तार शंभर मीटरला साधारण सव्वा ओहम अडवते, म्हणजे तुमच्या नव्वद मीटरला एक पूर्णांक एक. तुझा आकडा आला दोन पूर्णांक सतरा. मी तीनदा करून पाहिलं. कुठे सांधा सैल असता तर आकडा वेडावाकडा आला असता. हा बरोबर दुप्पट आहे. तुझं मीटर सांगतंय की तार नव्वद नाही, एकशेऐंशी मीटर आहे.

मग उरलेली नव्वद मीटर कुठे आहे?

तारेचं बंडल बाजारात नव्वद मीटरचं मिळतं. तुझ्या सासऱ्यांनी दोन तारांसाठी दोन बंडलं आणली असणार. प्रत्येकातली निम्मी लागली. जुन्या माणसांचा हात चांगल्या तारेवर कापायला धजत नाही. उरलेली वेटोळी करून त्यांनी कुठेतरी ठेवून दिली, जोडलेलीच, आणि वर लिंपून घेतलं. कुठे ते तूच मला लिहून कळवलं आहेस. जी भिंत फक्त दिवे लागल्यावर तापते, तिच्यात मामंजी नाहीत, जयमाला. तिच्यात तार आहे.

वाटेत जाणाऱ्या तुझ्या अठ्ठ्याहत्तर वॅटपैकी निम्मे बाहेरच्या तारेवर पसरतात, वाऱ्याने निवतात. निम्मे, म्हणजे चाळीसच्या बल्बाएवढे, त्या भिंतीतल्या वेटोळ्यात कोंडतात. ही कोमट भिंत झाली काकड्याची. सप्ताहात रोषणाई, हॅलोजन, मोठे स्पीकर, मंडपाचे पंखे. वीज दुप्पट धर, बारा अँपिअर. वीज दुप्पट झाली की वाटेत जाणारे व्होल्टही दुप्पट होतात, आणि दुपटीला दुपटीने गुणलं की उष्णता चौपट. दीडशेहून जास्त वॅट, चाळीस वर्षांच्या जुन्या तारेच्या गुंडाळीत, आणि त्याला पाठ लावून झोपलेली एक म्हातारी. तारेवरचं आवरण वितळलं की दोन वेटोळी एकमेकांना भिडतील. पुढचं तुला सांगायला नको.

ती भिंत फोडा आणि तार काढून टाका. सप्ताह बसायच्या आत. हळदीकुंकू लावायला दुसऱ्या भिंती पुष्कळ आहेत.

उद्धव


पुनावळे,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. तुझं गणित बरोबर आहे. शेवटचं वाक्य मात्र तू लिहायला नको होतंस.

पत्र आलं त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या खोलीत गेले होते, सांगायचंच म्हणून. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. दिवे नाहीत म्हणून भिंत गार, तरी रोजचं सांगणं चालूच. सोनबानं चौथा मजला चढवला. हायवेच्या पुलाखाली आज पुन्हा गाड्या अडकल्या, नातू रविराज तासभर उशिरा घरी आला. दिपालीला दिवस गेलेत, पण अजून कुणाला सांगायचं नाही. ही शेवटची बातमी मलाही तिथेच कळली. दादा, मामंजी जिवंत असताना ह्या बाईने त्यांच्यासमोर कधी चार वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. ते होतेच तसे. एक शब्द वावगा गेला की ताट भिरकावणारे. आता कुठे नऊ वर्षं ते तिचं ऐकून घेताहेत. आणि मी जाऊन सांगू, की आई, तो नवरा नाही, दीड एमएमची तार आहे?

तशीच परत आले.

सोनबाभाऊंना म्हटलं, यंदा हॅलोजन नको. ते म्हणाले, "वहिनी, मान बी पायजे आन बिल बी वाचवायचं, आसं कसं?" ह्यांना सांगितलं तर ते म्हणतात, उत्सवाच्या तोंडावर आईची भिंत फोडली तर लोक काय म्हणतील, जयंती झाली की बघू.

काळजी करू नकोस. खाट मी नव्या खोलीत हलवली आहे. बाकीचं मी पाहीन.

तुझी,
जयमाला


कराड,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. जयमाला,

आशीर्वाद. माझं चुकलं. ते वाक्य शालनने वाचलं असतं तर पाकिटात जाऊच दिलं नसतं. तुझं पत्र वाचून तिने मला दिवसभर चहा विचारला नाही.

तुला एक सांगतो. कान गेल्यापासून मी रोज सकाळी रेडिओ लावतो. शेजाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्याला भ्रम झाला. मी रेडिओच्या लाकडावर हात ठेवून बसतो. गाणं हाताला लागतं, सगळं नाही, पण ठेका लागतो. कुणी येऊन मला म्हणालं, ते गाणं नाही, लाकडाची थरथर आहे, तर मी त्याला घरातून घालवून देईन. आणि तरीही तो बरोबरच असेल.

पण रेडिओने घर पेटत नाही, जयमाला. खाट हलवलीस हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. आता एवढं कर. सप्ताहात दिवे लागले की मधून मधून त्या भिंतीवर तळहात टेक. सहज ठेवता येतो तोवर ठीक. हात आपोआप मागे यायला लागला, किंवा रबर जळल्यासारखा वास आला, तर कुणाला विचारत बसू नकोस. खटका पाड. आरती चालू असली तरी पाड. देवाला अंधाराचा राग येत नाही.

लगेच लिही. लिहायला जमलं नाही तर वहिनीला फोन कर. एकाच वाक्यात सांगितलंस तरी चालेल.

उद्धव


पुनावळे,
६ डिसेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. मी फोनवर "सगळे सुखरूप आहेत" एवढंच म्हणाले आणि वहिनींनी तुला तेवढंच सांगितलं असेल. आता सगळं लिहिते, परवा जयंती झाली, आजच हात मोकळे झाले.

आधी हे की खाट मी हलवली नव्हती. तुला खोटं लिहिलं. दोनदा हलवायला गेले, सासूबाई खाटेचा पाय धरून बसल्या. मग मीच रोज त्यांच्या खोलीत, खाली अंथरूण टाकून झोपायला लागले. कोमट भिंतीची पाळत!

सप्ताहाचा पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी भिंत कोमट राहिली नाही, गरम लागली. सासूबाईंना आनंद झाला. म्हणाल्या, यंदा लई जवळ आल्यात. बातमी वस्तीभर पसरली आणि दुपारी बायका रांगेने आल्या. एकीने भिंतीपाशी नारळ ठेवला. मी दारात मीटर घेऊन उभी, दीनवाण्या तोंडाने. बारा अँपिअर. घरी दोनशे अठ्ठावीस, देवळात दोनशे दोन. सव्वीस गेले होते, तू म्हणालास तसे बरोबर दुप्पट. एका बाजूने मला भीती वाटत होती, आणि दुसऱ्या बाजूने, खरं सांगते, आकडा जुळला म्हणून मजाही वाटली. मी अशीच आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरती सुरू झाली. मी खोलीत आले तर सासूबाई भिंतीला हात लावायच्या आणि झटक्यात काढायच्या, परत लावायच्या. चुना एका जागी पिवळा पडला होता. "काय झालंय गं ह्येंला? लई रागावल्यात. म्या काय केलं?" असं त्या विचारत होत्या. त्यांचा तळवा लाल झाला होता, दादा. आणि त्या माफी मागत होत्या. भिंतीची. तेवढ्यात तो वास आला.

मी पळत जाऊन खटका पाडला. देऊळ अंधारात गेलं. "त्रिगुणात्मक त्रैमूर्ती" म्हणता म्हणता दोनशे माणसं एकदम गप्प झाली आणि मग गलका उठला. सोनबाभाऊ बॅटरी घेऊन धावतच आले, मागे आमचे हे. "वहिनी, आरतीत खटका? वस्तीची इज्जत घालवली!" मी म्हटलं, ओरडा मग, आधी इथे हात लावा. त्यांनी लावला आणि काढला. देवळात समया लावून आरती पुरी झाली.

मग मी सासूबाईंसमोर बसले. पाणी घेऊन त्यांचा हात त्यात धरला आणि सांगितलं. तू मला सांगितलंस तसंच, पाइपापासून. तार अडवते, अडवताना तापते, आणि मामंजींनी उरलेली तार ह्या भिंतीत ठेवली असावी. मामंजी रागावलेले नाहीत, आई. तुम्ही काही केलेलं नाही. देवळात दिवे जास्त लागले, एवढंच झालंय. हे सांगताना मी रडत होते. मला वाटलं होतं त्या मला खोलीबाहेर काढतील.

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "हितं कोनाडा व्हता."

त्यांनी ओल्या हाताने पिवळ्या डागाकडे बोट दाखवलं.

"तार उरली. म्या म्हनलं कापा, इका. तर म्हनले, तार कापायची न्हाई, उद्या देऊळ पल्याड हललं तर पुरायची कशी? कोनाड्यात ठिवली दोन भेंडोळी. आन मला म्हनले, लिंप. मीच लिंपला की गं हा कोनाडा. शेन-माती मीच कालवली. कसं इसरले मी?"

सकाळी वायरमन आला. पहार सासूबाईंनी ह्यांच्या हातात स्वतः दिली. चार घाव घातले आणि पोकळी लागली. आत दोन वेटोळी होती, धोतराच्या काठाने बांधलेली. काठाचा कोळसा झाला होता, तारेवरचं आवरण आतल्या बाजूने पाघळून एकमेकांना चिकटलेलं. वायरमन म्हणाला, अजून एक संध्याकाळ काही हे टिकलं नसतं. सासूबाईंनी वेटोळं हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं.

"किती ताप व्हता म्हनालीस?"

"दीडशे वॅटच्या वर, आई."

"मंजी किती?"

"काकड्याला चाळीसच्या बल्बाएवढा. सप्ताहाला त्याच्या चौपट."

"व्हय," त्या म्हणाल्या, "तसंच व्हतं त्येंचं. येरवी गप, आन पावनं आलं की तापायचं." आणि हसल्या. दादा, मामंजींबद्दल बोलताना मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

दुपारपर्यंत नवी तार पडली. चार एमएमची, सरळ, कुठेही वळसा न घेता. सोनबाभाऊ स्वतः खांबापाशी शिडी धरून उभे होते आणि नव्या मीटरचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. उलट वायरमनला दटावत होते, "नीट वढ, कोंडाजीअण्णांच्या घरची तार हाय."

संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, तुझं ते चिमट्याचं घे आन चल. देवळात बोर्डापाशी त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. रोषणाई, हॅलोजन, सगळं लागलं. मंडप असा उजळला की लोक "आरं!" म्हणून वर बघायला लागले. रोज तेच दिवे होते, पण रोज इतके नव्हते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे तेवीस."

"आन आदी?"

"दोनशे दोन."

"मंजी वरचं एकवीस आदी कुटं व्हतं?"

"तेरा तुमच्या भिंतीत, आई. आठ वाटेत, बारीक तारेत."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं समजलं नसेल, म्हणून परत सांगायला तोंड उघडलं. पण त्या दिव्यांकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "मंजी येवढी वरसं ह्ये देवाकडंच निघालं व्हतं. आन म्या आपलं भित्तीत धरून ठिवलं. रोज बोलत बसले, म्हनून बिचारं थांबलं."

तुझ्या गणितात ह्याला खोडायला काही नाही, मी पुष्कळ शोधलं.

आरती सुरू झाली. त्यांनी पोळलेल्या हातानेच नमस्कार केला, मग पदर सावरून वरच्या झगझगीत दिव्याकडे बघितलं आणि नवऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा हुकूम सोडला.

"निगा आता."

तुझी,
जयमाला